सहाशे मीटर कोणासाठी मोजायचे?

पाच ते आठ वर्षांच्या मुलासाठी केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ने तीन चाचण्या ठरवल्या आहेत. पहिली, उंची-वजनावरून काढायचा बॉडी मास इंडेक्स. दुसरी, तीन सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी पट्टीवर एका पायावर मिनिटभर तोल सांभाळणे. तिसरी, टेबलावरच्या दोन चकत्यांना एकाच हाताने आळीपाळीने, जमेल तितक्या वेगाने स्पर्श करणे. चौथीपासून या यादीत पन्नास मीटर धावणे, सहाशे मीटर धावणे किंवा चालणे, पाय पसरून पुढे वाकणे, पोटाच्या स्नायूंची चाचणी आणि जोर येतात. २०१९च्या फेब्रुवारीत यासाठी मोबाइल अ‍ॅप आले आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली. शिक्षकाने आकडे भरायचे, अ‍ॅपने मुलाचा अहवाल द्यायचा, अशी ही रचना आहे.

मोजावे की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोजले पाहिजे. जे मोजले जात नाही त्याला शाळेच्या वेळापत्रकात जागा उरत नाही, आणि खेळाच्या तासाला गणित उरकून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. प्रश्न आहे तो त्या आकड्याने जाब कोणाला विचारायचा याचा. आज तो मुलाला विचारला जातो. तो शाळेला, गावाला आणि शासनाला विचारला जावा, असे मला ठामपणे वाटते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांकडे पाहिले की हे फार स्पष्ट दिसते.

या दोन जिल्ह्यांतली नऊ वर्षांची मुले डोळ्यांसमोर आणा. जावळी-पाटणच्या डोंगरातली मुलगी शाळेसाठी रोज चढउतार करते. वाळवा-कराडच्या बागायती पट्ट्यातला मुलगा वडिलांच्या मोटारसायकलवरून शाळेत उतरतो. माण, आटपाडी, जत इथल्या मुलाच्या वाट्याला दुष्काळी वर्षांतला आहार येतो, घरातल्या पाण्याची आणि जनावरांची कामेही येतात. सांगली शहरातले मूल व्हॅनमधून जाते, संध्याकाळी शिकवणीला बसते. शिवाय ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आणि जतसारख्या भागातूनही आईबापांबरोबर फडावर आलेली मुले आहेत. जानेवारीत चाचणी झाली तर ती गावच्या शाळेत नसतात आणि कारखान्याजवळच्या शाळेच्या पटावरही बहुधा नसतात. या सगळ्यांची सरासरी काढून ‘प्राथमिक विद्यार्थ्याची शारीरिक क्षमता’ असा एकच आकडा लिहिला, तर तो यांपैकी एकाही मुलाबद्दल काही सांगत नाही.

एका पायावर तोल सांभाळण्याची चाचणी घ्या. रोज अंगणात लंगडी खेळणाऱ्या मुलीचा पाय पट्टीवरून फारसा घसरणार नाही. जिने लंगडी कधी घातलीच नाही, तिचा मिनिटभरात पुन्हा पुन्हा घसरेल. फरक दोघींच्या अंगात आहे त्याहून अधिक त्यांना मिळालेल्या जागेत आणि वेळेत आहे. लहान वयातल्या बहुतेक चाचण्यांचे असेच असते. मुलाला आजवर काय मिळाले, तेच त्या मोजतात.

सहाशे मीटरचे पाहा. चारशे मीटरच्या धावपट्टीवर ते दीड फेरीत होतात. अनेक वस्तीशाळांचे पटांगण जेमतेम तीस मीटर लांबीचे असते. तिथे त्याच अंतरासाठी वीस वेळा इकडून तिकडे धावावे लागते आणि एकोणीस वेळा वळावे लागते. प्रत्येक वळणावर मूल थांबते, घसरते, पुन्हा वेग घेते. ही वेळ धावपट्टीवरच्या वेळेशेजारी ठेवून मुलाला ‘सुधारणा आवश्यक’ म्हणणे अन्यायाचे आहे. लहान जागेसाठी वेगळी चाचणी उपलब्ध आहे. मॉन्ट्रियलच्या ल्यूक लेजर यांनी १९८२ साली वीस मीटरच्या येरझाऱ्यांची चाचणी मांडली. ठरावीक अंतराने वाजणाऱ्या आवाजाच्या तालावर धावायचे आणि हळूहळू वेग वाढवायचा. तिला वीस मीटर मोकळी जागा आणि एक ध्वनिफीत पुरते. आपल्या शाळांना ती अधिक साजेशी आहे.

तुलना वयाशी करायची, तर वय तरी नेमके हवे. एक जून ही जन्मतारीख असलेल्या माणसांच्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. आता जन्मनोंदणी सुधारली आहे, पण एकाच वर्गात जवळपास वर्षाचे अंतर असलेली मुले बसतात ही गोष्ट राहतेच. सहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. या वयात उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. पाय लांब झाले की पन्नास मीटरची वेळ आपोआप कमी होते. वर्षअखेरीला ‘वर्गाची प्रगती झाली’ असे लिहिणाऱ्या शाळेने त्यातली वाढ किती आणि शिकवण्याचे फळ किती, हे आधी वेगळे करायला हवे.

बॉडी मास इंडेक्सबाबत तर विशेष सावध राहायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त आढळली. दिसायला किडकिडीत आणि आत चरबी, असे हे शरीर असते. अशा मुलाचा इंडेक्स ‘योग्य’ दिसू शकतो आणि शाळा निर्धास्त होते. दुसऱ्या टोकाला, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. त्यांतली बहुतेक मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. त्यांच्या धावण्याचा हिशोब पहिलीच्या वर्गात सुरू होत नाही, तो आईच्या पोटातच सुरू झालेला असतो. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने देण्याचे बंधन आहे. पण घरून चहा-चपाती खाऊन निघालेल्या मुलाला ते जेवण मिळण्याआधीच सकाळी अकराला धावायला लावले, तर घड्याळात नोंदली जाते ती भूक.

मोजमाप मुलांच्या अंगावर कसे उलटते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. १९५०च्या दशकात हान्स क्राउस आणि त्यांच्या सहकारी रूथ हिर्शलँड यांनी सहा सोप्या हालचालींची चाचणी घेतली. निम्म्याहून अधिक अमेरिकी मुले नापास झाली, युरोपातली दहा टक्केसुद्धा झाली नाहीत. देश हादरला आणि १९५६मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी युवकांच्या क्षमतेसाठी परिषद नेमली. पुढे त्यातून पदकांची शर्यत उभी राहिली, ८५व्या शतमकाच्या वरच्या मुलांसाठी सन्मान आला आणि उरलेल्या असंख्य मुलांना सगळ्या वर्गासमोर आपण कमी आहोत एवढेच कळले. २०१२मध्ये ही पद्धत बदलून आरोग्यासाठी किती क्षमता पुरेशी, यावर भर देण्यात आला. २०२५मध्ये जुनी चाचणी परत आणण्याचा आदेश निघाला. त्यांचा वाद त्यांच्याजवळ. आपण पदकांपासून सुरुवात करण्याचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, मग खेळाडू कसे सापडायचे? खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, ललिता बाबर माणमधल्या मोहीच्या. हा भाग खेळाडूंचाच आहे आणि गुणवत्ता शोधायलाच हवी. पण तो शोध वेगळा आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेतून क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि टोकियो ऑलिंपिकला पोहोचला, तो तिरंदाज म्हणून. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तीही तिरंदाजीत. नेम, स्थिरता, एकाग्रता यांसाठी शाळेतल्या क्षमता चाचणीत रकानाच नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या अहवालावरून त्याचा खेळ ठरवू नये, आणि त्याला खेळातून वगळू तर मुळीच नये.

याच मातीत शंभर वर्षांपूर्वी एक वेगळा प्रयोग झाला होता. औंध संस्थानचा मुलूख विखुरलेला होता. औंध आज साताऱ्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. राजाज्ञेने लादलेला एकच व्यायाम सर्वांना लागू करणे मला आजच्या शाळेसाठी योग्य वाटत नाही. मात्र त्यांची एक गोष्ट मोलाची आहे. ते स्वतः नेमाने नमस्कार घालत, घरच्यांनाही घालायला लावत, आणि मगच मुलांकडून ती अपेक्षा करत. मोजणी होती ती रोज किती नमस्कार घातले याची, म्हणजे सरावाची. कोण कोणाच्या पुढे, हा प्रश्न तिथे दुय्यम होता.

आज हा सराव घ्यायचा कोणी? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराहून अधिक असेल तरच शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी ती नाही. दोन शिक्षकी शाळेतल्या बाईंनी चार इयत्ता शिकवायच्या, माहिती भरायची आणि वर तोल, ताकद, लवचीकताही मोजायची. पंच्याहत्तर टक्के पालक असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीने हा भार वाटून घ्यायला हवा.

म्हणून सातारा-सांगलीतल्या पालकांना माझी विनंती आहे. समितीच्या पुढच्या सभेत आपल्या मुलाचा क्रमांक विचारू नका. वर्गाचा निकाल नावांशिवाय मांडायला सांगा आणि त्याच कागदावर चार गोष्टी लिहून मागा: पटांगणाची लांबी-रुंदी, महिन्यात प्रत्यक्ष झालेले खेळाचे तास, वजनकाटा शेवटचा कधी तपासला ती तारीख, आणि हंगामात स्थलांतरामुळे चाचणीला मुकलेल्या मुलांची संख्या. हा कागद केंद्रप्रमुखांमार्फत जिल्हा परिषदेकडे पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा.