नावे आणि जमा

वाण्याच्या चोपडीत सगळ्यांची नोंद असते. उंदरांनी खाल्लेल्या गुळाचीसुद्धा. नसते ती फक्त गिऱ्हाइकाच्या आजीच्या गुडघ्याची. पण आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला तो गुडघा डावा की उजवा हेही पाठ! समोरच्या झगमगीत दुकानात साखर स्वस्त, थंड हवा फुकट. तरी याचं दुकान चालतं.

आमचे मेहुणे हिशेबतपासनीस. ते म्हणाले, "याला गुडविल म्हणतात. विकत घेतलेलं गुडविल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवतात. स्वतः कमावलेलं दाखवत नाहीत." म्हणजे दुसऱ्याची अब्रू पैसे मोजून घेतली तर मालमत्ता, आणि जन्मभर राबून स्वतः मिळवली तर शून्य!

हे शून्य मोठं कामाचं आहे. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचंच पुढे 'लिज्जत' झालं. तिथल्या भगिनी मळलेलं पीठ घरी नेतात आणि पापड लाटून आणून देतात. लाटताना डोक्यावर मुकादम नसतो. विश्वास म्हणजे दुसरं काय हो? वाचलेला मुकादमाचा पगार!

"पण वाण्याची ती चौकशी खरी थोडीच? गुंतवणूक आहे ती," असं मेहुणे म्हणतात. असेलही. पण वाढदिवसाला यंत्राकडून शुभेच्छा पाठवणाऱ्या कंपन्याही गुंतवणूकच करतात. त्यांनी कुणाला गहिवरून आल्याचं ऐकिवात नाही. वीस वर्षं न चुकता केलेली चौकशी खोटी असली, तरी तिला खरीच म्हणायला हवं. इतकी वर्षं सोंग कुणाला वठतं?

माझी शंका गिऱ्हाइकाबद्दल आहे. आमच्या सोसायटीतली निम्मी बिऱ्हाडं पहिल्या आठवड्यात रोख घेऊन समोरच्या दुकानात जातात आणि शेवटच्या आठवड्यात उधारीसाठी वाण्याकडे येतात. तो "असू द्या हो, पगार झाल्यावर द्या" म्हणतो. यात बेकायदा काही नाही. पण त्याचा विश्वास वापरायचा आणि नफा दुसऱ्याच्या गल्ल्यात टाकायचा, याला सचोटी म्हणावं का? जिव्हाळा हे सामाईक खातं आहे. एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं नुसतं काढायचं, तर ते किती दिवस टिकणार?

ताळेबंदात या खात्याला जागा नाही, हे एका परीनं बरंच. नाहीतर भल्याभल्यांची नावं बुडीत कर्जाच्या यादीत निघाली असती.