पिठाचा कोंबडा आणि विकतची पिल्ले

लातूर-नांदेडकडे परसात कोंबड्या पाळू पाहणाऱ्याच्या हातून हिंसा नेमकी कधी सुरू होते, सुरी उचलल्यावर की पिल्ले विकत घेतल्यावर? धर्मग्रंथांचे लक्ष बहुधा ताटावर असते. मनुस्मृती द्विजांना गावकोंबडा वर्ज्य ठरवते, इस्लाम हलालची रीत घालून देतो. पाळण्याकडे बारकाईने पाहिले ते जैन आचार्यांनी. बाराव्या शतकातील हेमचंद्रांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायच्या धंद्यांत पैशासाठी कोंबडे, मोर, पोपट, कुत्री पाळणेही येते.

हा विचार लातूर-नांदेडला परका नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत आणि ते लातूरच, असे अनेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारशीही त्यांचा जवळचा संबंध होता. या घराण्यातील तिसऱ्या कृष्णाच्या काळात, ९५९ साली, जैन आचार्य सोमदेवसूरींचा यशस्तिलकचंपू पूर्ण झाला. त्यातील राजा यशोधर बळी द्यायला नकार देतो. आई चंद्रमती हट्ट सोडत नाही. तोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापतात. रक्ताचा थेंब सांडत नाही, तरी मायलेक मोर, कुत्रा, साप, मासा अशा योनींतून फिरतात आणि पशुजन्मांच्या अखेरीस कोंबडा-कोंबडी होऊन बाणाने मरतात. शिक्षा अन्याय्य वाटावी इतकी कठोर आहे. पण कथेचा मुद्दा पक्का आहे: कोंबडा खोटा असला तरी मारण्याचा हेतू खरा होता.

पिल्ले घेणाऱ्याचे बरोबर उलटे होते. हेतू पोसण्याचा, मरण मात्र खरे. अंड्यांच्या संकरित जातींत नराला बाजारात किंमत नसल्याने हॅचरीत तो बहुधा पहिल्याच दिवशी मारला जातो; जर्मनीने २०२२पासून यावर बंदी घातली. फक्त तलंगा, म्हणजे वाढत्या वयाच्या माद्या, हव्यात म्हणणारा ते मरण नजरेआड ढकलतो एवढेच. राज्याच्या पशुसंवर्धन योजनेत २५ तलंगांबरोबर ३ नर मिळतात, तेव्हा उरलेल्या नरांचे काय, हे विचारायला हवे. गिरिराज, वनराज यांसारख्या दुहेरी उपयोगाच्या जातींत नर मांसासाठी वाढतात. मरण तिथेही टळत नाही, पण त्याआधी काही महिने दाणे टिपणे, माती उकरणे असते. नैतिक हिशेबात हे थोडे नव्हे.

जैन विचार हिंसेचे चार प्रकार करतो: संकल्पी म्हणजे ठरवून केलेली, आरंभी घरकामात घडणारी, उद्योगी चरितार्थातली आणि विरोधी बचावातली. गृहस्थाने पहिली पूर्ण सोडायची, उरलेल्यांत जपून वागायचे. या जपून वागण्याचा अर्थ नवख्याला एकदिवसीय पिल्लांपाशी कळतो. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना आईची ऊब असते. विकतच्या पिल्लांना ती माणसाने द्यायची. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, पुढे दर आठवड्याला जवळपास ३ अंश कमी. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस. ही तयारी नसताना शंभर पिल्ले आणून निम्मी गारठून गेली, तर त्याला नशीब म्हणता येत नाही. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा महाग पडतात, पण नवख्याने त्याच घ्याव्यात.

विरोधी हिंसा बर्ड फ्लूत समोर येते. जानेवारी २०२१मध्ये तो लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात शिरला. अशा वेळी बाधित जागेभोवतीच्या ठरावीक परिघातले निरोगी पक्षीही सरकारी पथके मारतात, आणि तिथे पाळणाऱ्याचा हेतू कोणी विचारत नाही.