सुटका आणि जमाखर्च

कारागृहातून सुटण्याचा दिवस आनंदाचा मानला जातो. अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्या कैद्यासाठी मात्र तो मोठ्या धोक्याचा असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या 30 हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या 2 आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण इतर रहिवाशांच्या जवळजवळ 13 पट आढळले. त्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दगावलेले सर्वांत अधिक होते. गजांआड शरीराची सवय मोडते, मनाची ओढ शाबूत राहते आणि पूर्वी पचलेली मात्राच प्राणघातक ठरते.

त्याच देशातील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने 2016 साली कारागृहातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी औषधे देण्यास आरंभ केला व सुटकेनंतरही ती चालू राहतील अशी व्यवस्था केली. वर्षाला सुमारे 20 लाख डॉलर त्यासाठी मंजूर झाले. 2016 च्या पहिल्या सहामाहीत राज्यात अतिमात्रेने दगावलेल्यांपैकी 26 जण वर्षभरात तुरुंगातून सुटलेले होते. 2017 च्या त्याच काळात असे 9 जण होते.

एका व्यसनाच्या जागी दुसरे कशाला, असे कोणी विचारील. शरीर या औषधावर अवलंबून राहते हे खरे. पण ते घेणारा कामावर जाऊ शकतो, नशेसाठी त्याला चोरी करावी लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोलमजुरी करणारी आई मुलाच्या उपचारासाठी कर्ज काढते आणि गुन्हेगाराला औषध फुकट का? आमचे उत्तर असे, की कैद्याला स्वतःहून वैद्याकडे जाता येत नाही. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यावर जबाबदारी. त्या आईचे गाऱ्हाणे खरेच आहे, पण कैद्याचे औषध बंद केल्याने तिचे कर्ज फिटत नाही.

अर्थतज्ज्ञ म्हणतात, पुन्हा अटक, खटला, तुरुंग यांपेक्षा उपचार स्वस्त पडतो. या युक्तिवादाने तिजोरी उघडत असेल तर उघडो. आम्हांस त्याची थोडी धास्तीही वाटते. वृद्ध, तीनदा घसरलेला, कमावण्याची ताकद गमावलेला कैदी कोणत्याही वहीत जमेच्या बाजूला बसत नाही. दाखल्यातील शोमरोनी माणसाने सरायवाल्याला दोन नाणी दिली व अधिक खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे कबूल केले. (हिशेब ठेवू नकोस, असे काही तो म्हणाला नाही!)

आपल्या धर्मग्रामातही कोणी सुटून येतो. पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या घरी कोण जाईल, हे संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पुढील बैठकीत ठरवता येईल.