उमेदवारीचे ऋण

शिकता शिकता केलेल्या कामाचे फळ कोणाचे, हा प्रश्न धर्मशास्त्राने फार पूर्वीच हाताळला आहे. नारदस्मृतीत कारागिरी शिकायला आलेल्या अंतेवासीचे नियम येतात. आप्तांच्या संमतीने त्याने आचार्याकडे राहावे आणि किती काळ राहायचे ते आधी ठरवून घ्यावे. आचार्याने त्याला घरचे जेवण घालून शिकवावे, मुलासारखे वागवावे, दुसऱ्या कामाला जुंपू नये. विद्या लवकर हाती आली तरी शिष्याने ठरलेली मुदत पुरी करावी, आणि त्या काळात त्याच्या हातून जे घडेल त्याची मिळकत आचार्याची. कात्यायनाने याला शिक्षेची जोड दिली. शिल्प न शिकवता इतर कामे करून घेणाऱ्या आचार्याला दंड होतो आणि शिष्य त्याला सोडून जाऊ शकतो.

म्हणजे शिष्याचे श्रम हीच गुरूची दक्षिणा, पण शिकवणे चालू असेपर्यंतच. ते थांबले की श्रमांवरचा हक्कही संपतो. एकलव्याची कथा आजही खुपते ती यासाठीच. ज्याने शिकवलेच नाही त्याने दक्षिणा मागितली, आणि तीही अंगठ्याची. नारदाच्या व्यवस्थेतही एक दोष होताच. अंतेवासी शिकायचा तो ‘स्वशिल्प’, घराण्यातून आलेला धंदा. दुसऱ्याच्या धंद्यात शिरू पाहणाऱ्याला तिथे जागा नव्हती.

धंदा शिकवणाऱ्या गुरूचा विचार समर्थ रामदासांनीही केला आहे. त्यांचे जन्मगाव जांब जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. दासबोधाच्या पाचव्या दशकात ते गुरूंचे प्रकार सांगतात. पोट भरण्यासाठी धंदा शिकवणाऱ्यालाही ते गुरू म्हणतात, फक्त सद्गुरू म्हणत नाहीत. मोक्षाच्या हिशेबात हा दर्जा खालचा असेल, पण पोलादाच्या आणि बियाण्यांच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या जालन्यासारख्या शहराला अशा गुरूंचीच जास्त गरज पडते. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचे संकरण असो की रोलिंग मिलमधल्या सळईची पारख, पुस्तक तिथे अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. पुढचे कोणाच्या तरी हाताखाली शिकावे लागते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आले. विद्यार्थी त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. त्याहून जुनी वाट 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची. कंत्राटी कामगार धरून तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. करार नोंदवावा लागतो, विद्यावेतन द्यावे लागते. हा कायदा उमेदवाराला कामगार मानत नाही, शिकणारा मानतो. मात्र कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या बाबतीत त्याला कामगाराच्या बरोबरीने ठेवतो, आणि इजा झाली तर भरपाईही देतो. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. त्याने आपले धोरण ठरवावे, एवढीच अपेक्षा आहे. शिक्षण संपलेल्यांसाठी 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिच्यात पात्रतेनुसार महिना सहा, आठ किंवा दहा हजार रुपये शासनच देते. मालकाच्या खिशाला तोशीस नाही, आणि नेमका इथेच कात्यायनाचा दंड आठवावा लागतो. फुकट मिळालेले माणूस हरकाम्या व्हायला वेळ लागत नाही. चहा सांगणे, झेरॉक्स काढणे, बँकेच्या रांगेत उभे राहणे, यात मुदत संपते आणि प्रमाणपत्रावर मात्र ‘समाधानकारक’ असा शेरा येतो.

अशा वेळी गीतेचा आधार घेतला जातो. मुलांनी फळाकडे पाहू नये, अनुभव हाच मोबदला, असे सांगितले जाते. हा उपदेशाचा गैरवापर आहे. फळाची आसक्ती सोडायला सांगितले ते कर्म करणाऱ्याला, त्याच्या मनाच्या स्वास्थ्यासाठी. देणाऱ्याने देणे बुडवावे अशी सवलत त्यात कुठेच नाही. निष्काम व्हायचेच असेल तर शिकवणाऱ्याने व्हावे. शिकलेला मुलगा उद्या शेजारच्या कंपनीत गेला तरी शिकवणे वाया गेले असे त्याने मानू नये. परंपरेतल्या तीन ऋणांपैकी ऋषिऋण विद्या जपून पुढे दिल्याने फिटते. प्रत्येक कुशल माणूस कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करूनच तयार झालेला असतो, आणि ते देणे मागे फेडता येत नाही.

सुश्रुतसंहितेत तर उपनयनाच्या वेळी आचार्यच शिष्यासमोर स्वतःला बांधून घेतो. शिष्य नीट वागत असताना आपण वेगळे वागलो तर आपल्याला पाप लागो आणि आपली विद्या निष्फळ होवो, असे तो म्हणतो. आजच्या मालकाने महाविद्यालयाशी करार करताना याच वृत्तीने तीन गोष्टी लेखी द्याव्यात: विद्यार्थी काय शिकेल, कोणता अनुभवी माणूस त्याला शिकवेल, आणि कोणते काम त्याला सांगितले जाणार नाही. भट्टीजवळ किंवा यंत्रावर उभे करण्यापूर्वी सुरक्षिततेची शिकवण हवी. शेवटचा शेरा लिहिण्याआधी मालकाने रोजची नोंदवही स्वतः वाचावी. पोलाद कारखान्याला किंवा बियाणे कंपनीला हे जड नाही.

अवघड आहे ते जालन्यातल्या मस्तगडसारख्या जुन्या वस्तीत. 1725 च्या किल्ल्याचे नाव मिरवणाऱ्या अशा भागातल्या दुकानात किंवा हिशेबनिसाच्या कचेरीत दोन-तीनच माणसे असतील, तर शिकाऊ उमेदवार कायदा तिथवर पोचतच नाही. पण कार्यप्रशिक्षणाचा विद्यार्थी तिथेही जाऊ शकतो, आणि मालक शेजारीच बसलेला असल्याने धंदा बारकाईने शिकण्याची संधी तिथे जास्त. अशा ठिकाणी विद्यार्थी पाठवताना महाविद्यालयाने साधे एक पानी करारपत्र करून घ्यावे आणि मुदतीच्या मध्यावर एका प्राध्यापकाने तिथे जाऊन मुलाला काय येते ते पाहावे. काहीच येत नसेल, तर उरलेल्या दिवसांसाठी त्याला दुसरीकडे पाठवण्याची सोय त्याच करारात असावी.