मुळशीचं पाणी रेवदंड्याला

पिरंगुटहून आत वळून उरवड्यात या आणि भातखाचराच्या कडेला जरा सावली बघून बसा. पाठ सैल सोडा. आज मनात एक जुनं युद्ध घ्यायचं आहे: ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातलं मध्ययुगीन धर्मयुद्ध. ते आपल्यापासून फार लांबचं वाटतं. वाटू द्या. आधी नुसतं पश्चिमेकडे तोंड करा.

त्या बाजूला मुळशीचं धरण आहे. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी ज्याच्या विरोधात सत्याग्रह केला, तेच. मुळेचं पाणी खरं तर पूर्वेला पुण्याकडे जायचं. धरणातून ते घाटाखाली भिऱ्याला उतरवतात, त्यावर वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. मनानं त्या पाण्याबरोबर चला. कोलाड मागे पडतं, रोहा मागे पडतं, नदीची खाडी होते. समुद्र दिसू लागतो तेव्हा उजव्या हाताला रेवदंडा असतो आणि डाव्या हाताला कोर्लईचा डोंगर. दोन्हीकडे पोर्तुगीजांचे तट. इथे थांबा.

हे तट कुठून आले, याचा माग आता उलटा काढू. १०९५ मध्ये पोप दुसऱ्या अर्बननं फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे या धर्मयुद्धाची हाक दिली. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम क्रूसवीरांच्या हाती पडलं आणि शहरात भयंकर कत्तल झाली. ११८७ मध्ये सलाउद्दीननं ते परत घेतलं. १२९१ मध्ये आक्का बंदर गेलं आणि पॅलेस्टाईनमधली ख्रिस्ती राज्यं संपली. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. पण ११४७ मध्ये पॅलेस्टाईनला निघालेल्या क्रूसवीरांची गलबतं वाटेत थांबली आणि त्यांच्या मदतीनं पोर्तुगालच्या राजानं मुसलमानांकडून लिस्बन घेतलं, हे सहसा सांगितलं जात नाही. पुढे १३१९ मध्ये तिथल्या टेंपलर या क्रूसवीरांच्या संघाची मालमत्ता ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या नव्या संघाकडे गेली. वास्को द गामाच्या शिडांवरचा लाल क्रूस त्या संघाचा होता. म्हणजे लढाई संपली नव्हती, ती जहाजात बसून आपल्या किनाऱ्याकडे निघाली होती.

आता सावकाश १५०८ मध्ये या. मार्च महिना आहे. याच खाडीच्या तोंडाशी, चौलला, कैरोच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाजची गलबतं पोर्तुगीजांना गाठतात. पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाचा तरुण मुलगा लोरेंसो इथे मारला जातो. त्या बापाचं दुःख क्षणभर स्वतःचं म्हणून बघा. ते खरं होतं.

आणि मग वर्षाच्या अखेरीस दाभोळला चला. सूड घ्यायला निघालेला अल्मेडा वाटेत त्या आदिलशाही बंदरावर उतरतो. लोरेंसोला दाभोळच्या लोकांनी मारलं नव्हतं. तरी बायका, पोरं, म्हातारी माणसं, कुणालाही सोडलं गेलं नाही. तलवारीनं मुसलमान आणि हिंदू असा भेद केला नाही. मग शहर जाळलं. इथे पुढची तारीख शोधू नका. एका घराचा उंबरठा डोळ्यांसमोर आणा, चुलीवर काय शिजत असेल ते आणा, आणि तिथेच थोडं थांबा. मला या सगळ्या इतिहासात सर्वात जड वाटतं ते दाभोळ.

श्वास पुन्हा संथ झाला की एक प्रश्न मनाशी धरा: हे युद्ध कुणाचं होतं? व्हेनिसचे ख्रिस्ती व्यापारी पोर्तुगीजांच्या नव्हे, कैरोच्या सुलतानाच्या बाजूचे होते, कारण मिरीचा धंदा त्याच्या मुलखातून चालायचा. चौलला वखार आणि पुढे १५२१ मध्ये रेवदंड्याचा कोट बांधायची परवानगी पोर्तुगीजांना अहमदनगरच्या निजामशहानंच दिली, कारण त्याला अरबी घोडे हवे होते. आणि इतिहासकार फिरिश्ता सांगतो की त्या निजामशहाचं घराणं मुळात पाथरीच्या ब्राह्मणाचं.

तरीही १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहानं त्याच चौलला वेढा घातला, अली आदिलशहानं गोव्याला. पुणे परगणा तेव्हा निजामशाहीत होता. वेढ्याच्या छावणीत मराठी बोलणारी माणसं होती, आणि तटाच्या आतही. जुलै १५७१ मध्ये निजामशहानं तह केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भूमध्य समुद्रात लेपांतोला ख्रिस्ती आरमारानं तुर्कांना हरवलं आणि युरोपभर घंटा वाजल्या. मलबारच्या झैनुद्दीन मखदूम यांनी पोर्तुगीजांविरुद्ध जिहादची हाक देणारा ग्रंथ लिहिला, तो अली आदिलशहाला अर्पण केला. धर्माचं नाव दोन्हीकडे मनापासून घेतलं जात होतं, हे मी नाकारत नाही. पण त्या नावाखाली उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं की ते नाव तोकडं पडतं.

आता कोर्लईच्या डोंगरावर नजर टाका. बुऱ्हाण निजामशहानं तिथे किल्ला उभारायला घेतला, १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि पुन्हा पुष्कळ माणसं मेली. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. फौज गेली, पण गाव राहिलं. पायथ्याचे ख्रिस्ती रहिवासी आजही आपसांत एक वेगळी बोली बोलतात. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. बोलणारे हजाराच्या आसपास उरले आहेत. त्यांचं चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं आहे. कार्मेल हा पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरचा डोंगर. क्रूसयुद्धांच्या काळात तिथे काही ख्रिस्ती तपस्वी गुहांमध्ये राहून प्रार्थना करत, आणि १२९१ मध्ये आक्का पडल्यावर त्यांना तो डोंगर सोडावा लागला.

डोळे उघडा. कधी ताम्हिणी उतरून रेवदंड्याकडे गेलात तर साळावचा पूल ओलांडून पुढे कोर्लईला जा. किल्ला उन्हं कलल्यावर बघा. त्याआधी गावात जा, आणि कुणी वडीलधारं माणूस बोलायला तयार असेल तर त्यांची बोली थोडा वेळ ऐकून घ्या.