निष्काम सेवा आणि नववीतलं मूल

‘आपण आपलं काम करावं, फळाची चिंता करू नये’ हे वाक्य शाळांमधल्या स्वयंसेवकांच्या तोंडी वरचेवर येतं. आठवी-नववीच्या एका विद्यार्थ्याला दर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर भेटायचं, त्याच्या अभ्यासाची, घरची, मनातल्या घालमेलीची विचारपूस करायची, असं या कामाचं साधं स्वरूप असतं. मोबदला नाही, त्यामुळे हे निष्काम कर्म ठरलं असं आपण धरून चालतो. पण इथे कर्माचं फळ म्हणजे चौदा वर्षांचं एक मूल आहे. त्याचं पुढे काय झालं याची चिंता न करणं ही अनासक्ती मानायची की बेफिकिरी? माझ्या मते या प्रश्नावर सेवेचं सगळं नीतिशास्त्र तोललेलं आहे.

हेतू चांगला असला की काम चांगलं होतंच, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत 1939 मध्ये मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून एक मोठा उपक्रम सुरू झाला. 506 मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक मिळाला. समुपदेशक घरी जात, अभ्यासात मदत करत, डॉक्टरांकडे नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. ते पगारी होते, पण त्यांच्या कळकळीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तीसएक वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी या मुलांचा माग काढला. 1978 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष धक्कादायक होते: मदत मिळालेल्यांची स्थिती दारूचं व्यसन, मानसिक आजार, पुन्हा घडलेले गुन्हे अशा अनेक बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. आणि तरीही त्यांच्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी त्या उपक्रमाचा आपल्याला फायदा झाला असं सांगितलं. म्हणजे देणाऱ्याचं समाधान तर सोडाच, घेणाऱ्याची कृतज्ञताही काम सार्थकी लागल्याचा दाखला ठरत नाही.

मग गीता काय सांगते? विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेल्या प्रवचनांत याची फार स्वच्छ उकल आहे. फळावरची नजर काढली की ती सगळी कामावर येते, म्हणून फलत्यागी माणसाचं काम सकाम माणसापेक्षा अधिक नेटकं व्हायला हवं, असा त्यांचा आशय आहे. आता या कामात कामावर नजर ठेवणं म्हणजे मुलावर नजर ठेवणं. मुलाला आपला उपयोग होतोय की त्रास, हे तपासणं कर्माचाच भाग आहे. सोडायचं ते आपल्या वाट्याला येणारं फळ: आभार, वार्षिक अहवालातला फोटो, ‘मी एका मुलाला घडवलं’ ही भावना. आणि ज्याने ते खरोखर सोडलं, तोच ‘माझ्यामुळे नुकसान होतंय का’ हा प्रश्न न घाबरता विचारू शकतो.

हा भेद सर्वांत जास्त जाणवतो तो सोडून जाण्याच्या वेळी. नववीतला मुलगा कित्येक शनिवार ‘बरं चाललंय’ याच्या पुढे बोलत नाही. वही उघडतो, दोन गणितं सोडवतो, दाराकडे बघतो. स्वयंसेवकाला वाटतं, काहीच घडत नाही. मग एक शनिवार ऑफिसच्या कामात जातो, पुढचा लग्नसराईत, आणि कुणीही काही न सांगता भेटी थांबतात. अमेरिकेतल्याच ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या मुलांविषयी जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी 2002 मध्ये मांडलेले निष्कर्ष इथे लागू पडतात. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या नात्यांत मुलांना सर्वाधिक लाभ झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांत मुलांचं स्वतःविषयीचं मत आधीपेक्षाही खालावलं. यावर रास्त आक्षेप असा, की ज्यांची नाती लवकर तुटतात ती मुलं मुळातच अधिक अडचणीत असतील. अभ्यासकांनी ही शक्यता हिशेबात घेतली होती. पण ती खरी धरली, तर आपण सर्वांत आधी सोडतो ते सर्वांत जास्त गरज असलेल्या मुलालाच, असा त्याचा अर्थ होतो. हे सोडणं बहुतेक वेळा फळ न दिसल्यामुळे घडतं. म्हणजे आसक्तीच माणसाला पळायला लावते आणि अनासक्ती टिकवून धरते. त्रास होतो म्हणून केलेल्या कर्मत्यागाला गीतेचा अठरावा अध्याय राजस म्हणतो, ते याच अर्थाने मला पटतं.

कुणी म्हणेल, जो स्वखुशीने आला तो स्वखुशीने जाऊ शकतो. येण्यापुरतं हे खरं आहे. मुलाला ‘पुढच्या शनिवारी येतो’ म्हटल्यावर मात्र तो शब्द त्याचा झाला. मोठं कर्तव्य आड येऊ शकतं, हेही मान्य. साने गुरुजींनीच 1930 मध्ये अंमळनेरची शिक्षकी सोडून सत्याग्रहात उडी घेतली होती. पण जाताना समोर बसून सांगणं, कारण देणं, शाळेला पुरेशी आधी कल्पना देणं एवढं तर प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: वर्षभराची अट घातली तर माणसं मिळणार नाहीत, आणि अनेक मुलांना काहीच मिळणार नाही. ही हानी खरी आहे आणि मला ती हलकी वाटत नाही. तरीही ज्याच्याकडे तीनच महिने आहेत त्याने वाचनालय लावून द्यावं, विज्ञानाचे प्रयोग करून दाखवावेत, वर्गाला शिकवावं. ती कामंही मोलाची आहेत. एका मुलाशी एकट्याचं नातं जोडण्याचं काम मात्र, पुढच्या जूनपर्यंत येऊ शकणारे आठच जण असतील, तर आठच मुलांपुरतं सुरू करावं.