पानातली रात्रीची शिल्लक

चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, चोथा पिळून, चीक रात्रभर झाकून ठेवला म्हणजे सकाळी वरची निवळ ओतून देताना पातेल्याच्या तळाशी जो घट्ट, शुभ्र थर हाताला लागतो, तो गव्हाच्या रोपाने आपल्या संततीसाठी केलेली बेगमीच होय. आणि हे पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही, या ज्या गुणावर आपल्या गृहिणींची ही सारी कृती उभी आहे, त्याच गुणावर वनस्पतीचीही भिस्त आहे. शर्करा शर्करेच्याच रूपाने साठवली, तर ती पेशीत पाणी ओढून घेईल. परंतु ग्लुकोजचे सहस्रावधी रेणू एकमेकांस जोडून त्यांचा कण बांधला, की तो कोणाच्या अध्यातमध्यात न येता स्वस्थ पडून राहतो. हिरवी शैवले हे कोठार हरितलवकातच ठेवतात, लाल शैवले लवकाबाहेर, बेत एकच.

बियांतला साठा सर्वांच्या परिचयाचा आहे. मला मात्र अधिक मोह पडतो तो पानातल्या एका दिवसाच्या साठ्याचा. यूलियस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात पानाचा काही भाग झाकून उरलेला उन्हात ठेवला आणि मग पानातील हिरवा रंग काढून त्यावर आयोडीन घातले, तेव्हा उन्हातला भाग काळानिळा झाला व झाकलेला फिकटच राहिला. ही दिवसाची जमा झाली. खरी नवलाई रात्रीच्या खर्चात आहे. मोहरीच्या कुळातील अरॅबिडोप्सिस हे चिमुकले रोप सूर्यास्तानंतर पिष्टाच्या कणांवर प्रथम फॉस्फेट चढवून त्यांची घट्ट वीण सैल करते, मग विकरांकरवी त्यांतून माल्टोज सोडवून घेते, आणि हे सारे अशा एकसारख्या गतीने, की उजाडताना सुमारे ९५ टक्के साठा खर्ची पडलेला असतो. ज्या रोपांत ही वीण सैल करणारे विकरच नसते, त्यांची पाने पिष्टाने ठासून भरतात, तरी रोप खुरटेच राहते. भरल्या कोठारापाशी होणारी ही उपासमार मला फार विचारप्रवर्तक वाटते.

बारा तासांच्या दिवसाची सवय असलेल्या रोपांवर संशोधकांनी एकदा आठव्याच तासाला अंधार पाडला. साठा अपुरा आणि रात्र सोळा तासांची, असा दुहेरी प्रसंग ओढवूनही पानांनी त्याच रात्री खर्चाचा वेग उतरवला आणि शिल्लक पहाटेपर्यंत पुरवली. ज्यांचे आंतरिक घड्याळ जात्याच पुढे धावते, अशा रोपांचा साठा मात्र उजाडण्यापूर्वी काही तास आधीच संपतो, कारण त्यांनी हिशेबात धरलेली पहाट त्यांच्या घड्याळाची असते, सूर्याची नव्हे.